कोकण बोर्ड पहिलं येतं, मग शाळांना जास्त पैसा कशाला?

वेंगुर्लेकर: २०१२ पासून दहावीच्या निकालात कोकण विभागाने पहिला नंबर सोडलेला नाही. २०२४ ला ९९.०१ टक्के! आणि आमच्या शाळा बघा, कौलं गळतायत, कॉम्प्युटर कपाटात बंद. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालानेही सांगितलं की मुलांचं यश शाळेच्या खर्चापेक्षा घरची परिस्थिती जास्त ठरवते. मग अनुदान वाढवा म्हणून ओरड कसली?

खाडीपलीकडचा: निकाल म्हणजे पास झालेल्यांची टक्केवारी हो. ३५ वालाही त्यात, ९५ वालाही. त्यात कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी नि सिंधुदुर्ग. आणि कोलमनवरच का थांबलात? अमेरिकेतच २०१६ साली जॅक्सन, जॉन्सन, पर्सिको या संशोधकांनी दाखवलं की शाळेत बारा वर्षं दर मुलामागे खर्च १० टक्के जास्त राहिला, तर त्या मुलांची मोठेपणीची कमाई साधारण ७ टक्क्यांनी वाढते. गरिबाघरच्या मुलांना फायदा जास्त.

झेडपी गुरुजी: दोघंही जरा थांबा. माझ्या शाळेचा पट ९, शिक्षक दोन. आमचे पगार नऊ मुलांवर वाटलेत तर दर मुलामागे खर्च मुंबईच्या शाळेपेक्षाही जास्त दिसेल! पण शाळेच्या हातात काय? पट तीसच्या आत म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे वर्षाला १० हजार. खडू, वीजबिल, झाडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. गेल्या वर्षी ते आले मार्चात, वर ३१ तारखेच्या आत संपवा म्हणे. जूनमध्ये ताडपत्री मी खिशातून आणली होती.

मालवणी माणूस: पैशान काय होता म्हणतास? आमच्या वाडयेतल्या शाळेचे पत्रे मुंबयकारांनी चवथीक वर्गणी काढून घातल्यानी. तेच्या आदी पाऊस इलो की पोरां घराकच.

वेंगुर्लेकर: गुरुजींचं पटलं, पगाराचा पैसा वेगळा नि वर्गातला वेगळा. पण मुंबईकरांच्या वर्गणीवरून आठवलं. आंध्र प्रदेश आणि झांबियातल्या शाळांचा एक अभ्यास आहे. अनुदान अचानक आलं तेव्हा गुण वाढले. दरवर्षी येणार हे कळल्यावर पालकांनी स्वतःचा खर्च कमी केला, फायदा गेला. उद्या सरकारने पत्रे घातले तर तुमचे मुंबईकरही थांबतील.

झेडपी गुरुजी: थांबू देत की! ज्या वाडीतून मुंबईला कोणी गेलंच नाही, तिथल्या शाळेला आज पत्रे कोण घालतंय?