घोडेस्वारीचे सामान : गोव्याच्या हवेत टिकलेले आणि न टिकलेले

ब-३०४ : सर्वांना नमस्कार. आमची मुलगी दिवाळीनंतरपासून घोडेस्वारीच्या वर्गाला जाते आहे. आतापर्यंत हेल्मेटपासून खोगिरापर्यंत सर्व सामान वर्गाचेच वापरले. परंतु आता प्रशिक्षकांनी स्वतःचे सामान घेण्यास सुचवले आहे आणि त्यांनी दिलेली यादी पाहून घरातील वातावरण थोडे गंभीर झाले आहे. अ-१०२ मधील काका कितीतरी वर्षे घोडेस्वारी करत आले आहेत, म्हणून ग्रुपवरच विचारते. कोणत्या वस्तूवर केलेला खर्च वसूल होतो आणि कोणती वस्तू स्वस्तातली घेतली तरी भागते?

क-२०२ : वहिनी, शिगम्यात घोडेमोडणीला कमरेला बांधतात तो लाकडी घोडा घ्या, त्याला ना दाणापाणी लागतो ना खोगीर. विनोदाचा भाग सोडला, तर दुचाकीचे आयएसआय हेल्मेट आपल्या प्रत्येकाच्या घरात असतेच. तेच वापरले तर यादीतील एक मोठी रक्कम वाचणार नाही का?

अ-१०२ : नाही वाचणार, आणि ते वापरूही नये. दुचाकीच्या हेल्मेटचे आयएस ४१५१ हे मानक रस्त्यावरील अपघात डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. ते हेल्मेट जड असते, त्यात कान झाकले जातात आणि घोड्यावर उसळी बसली की त्याचा भार लहान मुलाच्या मानेवर येतो. घोडेस्वारीचे हेल्मेट घेताना आतील लेबल वाचावे. त्यावर एएसटीएम एफ ११६३, पास ०१५ किंवा व्हीजी १ ०१.०४० यांपैकी एखादे मानक छापलेले असले पाहिजे. ईएन १३८४ असे लिहिलेले असल्यास पुढचे वर्षही पाहावे, कारण १९९६ ची आवृत्ती केव्हाच मागे घेतली गेली आहे आणि जुना माल विकणारे लोक नेमके तेवढे वर्ष अंगठ्याखाली झाकून दाखवतात. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारख्या फेसाचा जो थर असतो, तो आघात झाल्यावर स्वतः चेपला जाऊन डोके वाचवतो. तो एकदाच चेपला जातो. वरून कवच शाबूत दिसले तरी पडल्यानंतर ते हेल्मेट निकामी समजावे. न पडताही साधारण पाच वर्षांनी बदलावे, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कधीही ठेवू नये. वापरलेले हेल्मेट कोणी फुकट दिले तरी घेऊ नये, कारण त्याच्या मागच्या मालकाबरोबर ते किती वेळा जमिनीवर आपटले आहे हे आपल्याला समजण्याचा मार्ग नसतो. टिकाऊपणाचा हिशेब बाकी सगळ्या सामानाला लावा, या एका वस्तूला लावू नका.

ब-३०४ : हेल्मेट नवेच घेऊ. बाकीच्या वस्तूंचे काय?

अ-१०२ : बाकीच्या वस्तूंचा निवाडा आपल्याकडे घोडा करत नाही, पाऊस करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि सत्तर टक्के ओलांडले की चामड्यावर बुरशी धरू लागते. त्यात समुद्राची खारी हवा. त्यामुळे पुण्यात किंवा जयपूरला जे सामान पैसे वसूल ठरते, ते पर्वरीत ठरेलच असे नाही. माझ्याकडे जे सामान खरोखर टिकले, त्यात पहिला मान रिकिबींचा, म्हणजे स्वार ज्यांत पाय ठेवतो त्या आधारांचा. त्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत, घेतल्या तेव्हा महाग वाटल्या होत्या आणि आजही त्यांच्यात पायातील रबरी पट्टी बदलण्यापलीकडे काही करावे लागलेले नाही. याउलट निकेलचा मुलामा दिलेली वस्तू दुकानात जास्त चमकते. पण समुद्राजवळ मुलामा फुगतो, सुटतो आणि त्याच्या कडा धारदार होतात. रिकिबीच्या बाबतीत ते फक्त कुरूप दिसते. घोड्याच्या तोंडात असणाऱ्या लगामाच्या दांडीच्या, म्हणजे बिटच्या बाबतीत मात्र त्याच कडा घोड्याच्या जिभेला आणि ओठांच्या कोपऱ्यांना कापतात. म्हणून बिट कोणाचेही असो, ते स्टेनलेस स्टीलचेच असावे, असे मी वर्गातही आवर्जून सांगतो. किनाऱ्यावर फेरी मारून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवावे.

रिकिबीचे माप घेताना बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा ती साधारण अडीच सेंटिमीटर जास्त रुंद ठेवावी. घट्ट रिकिबीत पाय अडकतो आणि फार रुंद रिकिबीतून आरपार जातो. दोन्ही प्रकारांत पडलेला स्वार फरफटत जाण्याची भीती असते. मुलांसाठी एका बाजूला रबरी कडे असलेली रिकीब मिळते. मूल पडले की ते कडे सुटते आणि पाय मोकळा होतो.

ड-१०३ : काका, चामड्याविषयी आपण फारच निराशाजनक लिहिता आहात. माझ्या पुण्यातील मोठ्या बंधूंचे कानपूरचे चामडी खोगीर कितीतरी वर्षांपासून उत्तम स्थितीत आहे. एकोणिसाव्या शतकात लष्करासाठी तेथे खोगिरे आणि जुंपणीचे सामान तयार होऊ लागले, कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि युरोपमध्ये परदेशी नावाने विकले जाणारे बरेच सामान मुळात तेथेच शिवले जाते. अशा वस्तूला नावे ठेवणे बरोबर नाही.

अ-१०२ : नावे ठेवत नाही. माझा लगाम कानपूरचाच आहे आणि पैशांच्या मोबदल्यात त्याहून चांगली वस्तू माझ्याकडे क्वचितच आली असेल. परदेशी छाप असलेल्या लगामाच्या किमतीत असे दोन-तीन लगाम येतात. मात्र तो निवडताना मी चमक पाहिली नाही. पट्टा दुमडून पाहिला. दुमडल्यावर वरच्या थराला बारीक भेगा पडल्या किंवा आतली बाजू केसाळ, भुसभुशीत निघाली, तर तो पट्टा पोटाकडच्या सैल कातड्याचा असतो आणि लवकर ताणला जातो. शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची पाहिली, कारण सुती दोरा घाम, तेल आणि ओल या तिघांच्या तावडीत कुजतो आणि चामडे ठणठणीत असताना टाका उसवतो. बकल ज्या ठिकाणी वळते ती जागा पाहिली. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा मोठा फायदा असा, की ते दुरुस्त होते. कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या चपला करणारा कारागीर लगामाचा तुटलेला तुकडा सहज जोडून देतो, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येणाऱ्या चांभारानेही मला एकदा रिकिबीच्या पट्ट्याची शिवण नव्यापेक्षा भक्कम घालून दिली आहे. चार हजारांची वस्तू दोनदा दुरुस्त होऊन वीस वर्षे चालली, तर दीड हजारांची न शिवता येणारी वस्तू दर तिसऱ्या वर्षी फेकण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

खोगिराची गोष्ट वेगळी आहे. लगाम दहा मिनिटांत पुसून होतो, पण खोगिराच्या पोटात लोकर भरलेली असते, आत लाकडाचा आणि पोलादाचा सांगाडा असतो, आणि त्याच्या घड्यांमध्ये शिरलेली बुरशी पावसाळ्यात दर आठवड्याला काढावी लागते. पुण्यातील घर आणि आपले घर यांत हाच फरक आहे. म्हणून मी ऑस्ट्रेलियातील बेट्स कंपनीचे विंटेक हे कृत्रिम धाग्याचे खोगीर वापरतो. ते ओल्या फडक्याने पुसले की झाले, वजनाला हलके आहे, आणि त्याच्या पुढच्या कमानीतील पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येते. चामड्याची बैठक त्याला नाही, हे मान्य. दिसायलाही ते साधेच आहे. परंतु आपल्या हवामानात मला तेच परवडले.

ब-३०४ : म्हणजे मुलीसाठी आम्ही तेच पाहावे का? यादीत खोगिरासमोर प्रशिक्षकांनी प्रश्नचिन्ह काढले आहे.

अ-१०२ : ते प्रश्नचिन्ह काढणारा माणूस प्रामाणिक आहे. स्वतःचा घोडा नसताना खोगीर घेऊ नये. खोगीर स्वाराच्या मापाचे असावे लागते, पण त्याहून अधिक ते घोड्याच्या पाठीच्या मापाचे असावे लागते. स्वार बसल्यानंतर घोड्याच्या खांद्यावरील उंचवटा आणि खोगिराची कमान यांमध्ये दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. आज मारवाडी घोडी, उद्या शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, परवा एखादे लहान तट्टू अशी बदलाबदली जेथे होते, तेथे एकच खोगीर तिघांना बसत नाही. एखाद्याची पाठ सोलवटते. तुम्ही फक्त रिकिबी आणि त्यांचे पट्टे घ्या, ते कोणत्याही खोगिराला लावता येतात. दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल अधूनमधून करत राहा, कारण चढताना सगळा भार डाव्या पट्ट्यावर येतो आणि तो लांबतो.

वर्गाच्या खोगिरावर बसतानाही तंगाकडे, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याकडे, लक्ष ठेवायला मुलीला शिकवा. खोगिराला प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात. त्यांतील पहिला स्वतंत्र पट्टीवर आणि उरलेले दोन एकाच पट्टीवर शिवलेले असतात. त्यामुळे तंग नेहमी पहिला आणि दुसरा किंवा पहिला आणि तिसरा अशा जोडीने आवळावा. दुसरा-तिसरा अशी जोडी लावली आणि ती एक पट्टी तुटली, तर खोगीर घोड्यावर राहतच नाही.

अ-४०१ : मध्येच विचारते, क्षमा असावी. यांचे घोडेस्वारीचे बूट गेल्या पावसाळ्यानंतर खोक्यातून काढले तेव्हा तळवा अक्षरशः भुगा होऊन खाली पडला. फार तर पाच-सहा वेळा घातले असतील. कंपनी नामांकित होती आणि दुकानदाराने हात वर केले. हा फसवणुकीचाच प्रकार म्हणायचा ना?

अ-१०२ : ताई, दुकानदाराने निदान सांगायला हवे होते, पण ही रसायनाची करामत आहे. बऱ्याच बुटांचे तळवे पॉलियुरेथेनच्या फेसाचे असतात. हवेतील बाष्प त्या पदार्थाचे रासायनिक बंध हळूहळू तोडत जाते, आणि बूट न वापरता बंद खोक्यात ठेवले तरी ती क्रिया थांबत नाही. उलट पायात असलेले बूट बरे राहतात. जपून ठेवलेली वस्तू आधी मरते, असा हा एकच मासला मला ठाऊक आहे. गोव्यात रबरी तळव्याचे, शक्यतो शिवलेले, घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत, म्हणजे तळवा झिजल्यावर नवा लावता येतो. टाच साधारण दोन सेंटिमीटरची हवी, म्हणजे पाय रिकिबीतून पुढे सरकत नाही. खेळाच्या बुटांना ती नसते म्हणून ते चालत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे उंच चामडी बूट मुलीच्या वाढत्या वयात घेऊ नका. छोटे बूट आणि त्यांवर पिंढरीला लावायचे चॅप्स पुरतात. चॅप्सची चेन हा त्यांचा दुबळा भाग असतो, पण चेन बदलणारा शिंपी बाजारात मिळतो.

ब-३०४ : आणि विजारी? यादीत दोन लिहिल्या आहेत.

अ-१०२ : डेकॅथलॉनच्या फुगांझा मालिकेतील साधी विजार घ्या, मुलगी ती फाटण्याआधी उंच होईल. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या संघाच्या पोलोच्या विजारी तेथे गाजल्या. त्या मांडीवर फुगीर होत्या, कारण तेव्हा ताणले जाणारे कापड नव्हते. आता ते आहे, आणि तेच गरम हवेच्या ड्रायरमध्ये आधी खराब होते. हाताने धुवून सावलीत वाळवावी.

क-२०२ : चामड्याची निगा मात्र आमच्यासारख्यांना कळेल अशी सांगा. आमच्या घरी जॅकेटला पावसाळ्यात खोबरेल लावतात.

अ-१०२ : तेलाचा लोभ धरू नये. बुरशी चामड्यावरच्या तेलकट थरावरच पोसली जाते, आणि तेलाने भिजलेला पट्टा मऊ होऊन ताणला जातो. वापरल्यावर ओलसर फडक्याने घाम पुसावा, ग्लिसरीनच्या खोगीर-साबणाचा हलका हात फिरवावा, आणि सावलीत, पंख्याखाली टांगावा. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुकवला तर तो कडक होऊन तडकतो. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवावा. बुरशी आलीच तर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने घराबाहेर पुसावी. कपाटात ओल शोषणारे डबे आपण सगळेच ठेवतो, पण त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते आणि तळाशी साचलेले पाणी चामड्यावर सांडले तर चामडे आकसून निकामी होते. डबा सामानाच्या खाली ठेवावा, वरच्या फळीवर नव्हे.

ड-१०३ : आमच्या मुलाच्या लहानपणीच्या, रबरी कड्याच्या स्टीलच्या रिकिबी माळ्यावर पडून आहेत. वहिनींना चालत असतील तर आनंदाने देतो. एवढे ऐकल्यावर विकत घेण्यापूर्वी त्या एकदा पाहून घ्याव्यात.

ब-३०४ : खूप आभारी आहोत, अवश्य पाहू. हेल्मेट आणि बूट मात्र येत्या शनिवारी नवे घेतो.

अ-१०२ : रिकिबी जरूर घ्या. त्या रबरी कड्यांवर बोटाने ताण देऊन पाहा. माळ्यावर राहिलेले रबर बहुधा वाळून तडकलेले असते. नवी कडी अगदी किरकोळ किमतीत मिळतात आणि ती लावल्याशिवाय मुलीला त्यांवर बसवू नका. तसेच त्या रिकिबींची एक बाजू उघडी असल्यामुळे त्या जड स्वाराच्या भाराखाली वाकतात, तेव्हा ब-३०४ मधील मोठ्या मंडळींनी त्यांवर चढून पाहण्याचा मोह टाळावा.