सातवीतल्या मुलीला चरण, गण, अलंकार कसे शिकवू?

कल्याणची_आई
मुलगी सातवीत, इंग्लिश मीडियम. मराठीचे धडे बऱ्यापैकी वाचते पण कविता आली की रडारड. चरण म्हणजे काय विचारलं तर 'पाय' म्हणते (चूक तरी कसं म्हणू 😀), ओळ कुठली आणि कडवं कुठलं यात घोळ, उपमेय-उपमानाची तर रोज अदलाबदल. क्लासमध्ये व्याख्या पाठ करून घेतात, त्या घडाघडा म्हणते, आणि समोर कविता ठेवली की शून्य. मला स्वतःला गण लक्षात ठेवायचं सूत्र, यमाताराजभानसलगा, एवढंच आठवतंय, त्याचं करायचं काय हे तेव्हाही कळलं नव्हतं. घरी सुरुवात कुठून करू?

निवृत्त_बाई
व्याख्यांची वही आधी कपाटात टाका. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' लावा आणि तिला बोटांवर अक्षरं मोजू दे. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उभे विटेवरी सहा, कर कटावरी सहा, ठेवोनिया चार. यातला एकेक तुकडा म्हणजे चरण, आणि विटेवरी-कटावरी जुळलं ते यमक, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. सहा-सहा-सहा-चार, हा मोठा अभंग. 'ध्या' एकच अक्षर हं, मुलं हमखास दोन मोजतात. नाव सगळ्यात शेवटी सांगा.
उपमेयाचं म्हणाल तर, "आजीचे हात सायीसारखे मऊ". समोर खरोखर काय आहे? हात. साय बिचारी पातेल्यात, तिला नुसती बोलण्यात आणली. समोर आहे ते उपमेय, आणलेलं ते उपमान. माझ्या वर्गात तरी यानंतर फारसं कुणी चुकलं नाही.

स्लो_लोकल
बाईंशी अर्धा सहमत. अभंगात नुसती अक्षरं मोजून भागतं, गणवृत्तात नाही भागत, तिथे लघु-गुरू (ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ ते गुरू) बघावेच लागतात, त्यामुळे यमाताराजभानसलगा पाठ हवंच, फक्त वापरायचं कसं ते कुणी सांगत नाही आणि पोरं मंत्रासारखं बडबडत बसतात. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. ज्या गणाचं अक्षर, सूत्रात तिथपासून तीन अक्षरं उचलायची. य गण म्हणजे यमाता, लघु गुरू गुरू. मी भाचीला स्टेशनं देऊन शिकवलं: कसारा य, ठाकुर्ली म, माहीम त, वांगणी र, विरार ज, दादर भ, परळ न, कळवा स. आठही गण लोकलमध्ये बसले!! आता कसारा कसारा कसारा कसारा असं चारदा म्हणा, झालं भुजंगप्रयात वृत्त. मनाचे श्लोक याच चालीत जातात.

आलं_घालून_चहा
एक मिनिट, ठाकुर्लीतला कु ऱ्हस्व आहे ना? मग म गण कसा काय, त्यात तर तिन्ही गुरू लागतात

निवृत्त_बाई
पुढच्या र्लीचा आघात कुवर येतो, म्हणून तो गुरू. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' यातला 'स' तसाच, लिहायला ऱ्हस्व पण र्वांमुळे गुरू, तो लघु धरलात तर बारा अक्षरांचं गणितच फिसकटतं. पण 'तुझ्या'मध्ये तुवर आघात येत नाही, तिथे तो लघुच राहतो. कानाला विचारायचं, डोळ्यांना नाही. स्टेशनांची आयडिया मात्र झकास, ३० वर्षं शिकवलं पण मला नाही सुचली 😄

कल्याणची_आई
कालपासून घरात कसारा कसारा चालू आहे, सासूबाई विचारतात कुणाची गाडी चुकली. अभंगाचं मोजणं जमलं, 'ध्या'ला अडकलीच पण. उपमेयाला आता "पातेल्यात आहे की समोर?" असं विचारते 😂 तिचा नवीन प्रश्न, डोंबिवली कुठल्या गणात? चार अक्षरं आहेत.

स्लो_लोकल
डों-बि-व, गुरू लघु लघु, म्हणजे दादरवाला भ. 'ली' एकटी उरते, ती गुरू. अशी उरलेली अक्षरं मांडायलाच तर शेवटी 'ल' आणि 'गा' ठेवलेत, ल लघुचा, गा गुरूचा. डोंबिवली = भ गा. कल्याण मी सांगत नाही, तिलाच काढू दे.