मदत हवी आहे: ७०७५-टी६ च्या जाड पार्टला भेगा

नमस्कार मंडळी, मेटलर्जीवाल्या कोणीतरी जरा यात डोकं घाला. जाड ७०७५-टी६ (झिंकवालं मजबूत अॅल्युमिनियम, टी६ म्हणजे पूर्ण ताकदीपर्यंत एजिंग म्हणजे गरम ठेवून कडक केलेलं) प्लेटमधून मशीन केलेले ब्रॅकेट समुद्राजवळ बसवलेत आणि बोल्टच्या भोकापासून भेगा पडतायत, लोड तर यील्डच्या (धातू कायमचा वाकायला लागतो त्या मर्यादेच्या) बराच खाली आहे. सेक्शन कापून केलर रीएजंटने (अॅसिडच्या मिश्रणाने) एच करून बघितलं तर भेग ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिकांच्या) कडेकडेनेच गेलीये, म्हणजे स्ट्रेस कोरोजनच (ताण आणि गंज मिळून पडणारी भेग), फटीग (वारंवार लोड येऊन पडणारी) वाटत नाही. रोलिंगमुळे ग्रेन पोह्यासारखे चपटे झालेत आणि ताण नेमका जाडीच्या दिशेने येतोय (ड्रॉइंगवर ग्रेनची दिशाच लिहिलेली नाही, असो).

मला समजलंय ते असं की टी६ मध्ये ग्रेन बाउंडरीवर मॅग्नेशियम-झिंकचे बारीक कण दाटीने बसतात, ते आधी विरघळतात, शिवाय हायड्रोजन आत शिरतो तो वेगळाच. टी७३ (गंजाच्या भेगांना जास्त टिकणारी अवस्था) साठी १६५-१७५ डिग्रीला ओव्हरएज केलं (पूर्ण ताकदीच्या पुढेही एजिंग केलं) की हे कण मोठे आणि विरळ होतात, पण स्ट्रेंग्थ १०-१५ टक्के जाते.

तर उरलेले टी६ पार्ट आहेत तसेच ओव्हरएज करून टी७३ करता येतील का, आणि माप किती हलेल? की आरआरए (रेट्रोग्रेशन आणि री-एजिंग, म्हणजे थोडा वेळ जास्त तापवून परत एजिंग) करावं? पण त्यात २०० डिग्रीच्या आसपास थोडाच वेळ ठेवायचं असतं, एवढ्या जाडीत आतपर्यंत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं ओव्हरएज होणार ना? आणि विजेची कंडक्टिव्हिटी ३८ टक्के आयएसीएसच्या (प्रमाणित तांब्याच्या तुलनेत मोजायचं माप) वर आली की पास धरायचं की मीठपाण्याची १० मिनिटं बुडवून ५० मिनिटं सुकवायची टेस्ट पण लागतेच? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सायकल सांगा प्लीज.