प्रतिसाद: हात आधी खोट्या दातांवर बसतो

‘अभ्यासात हुशार असलं की दातांचा डॉक्टर होता येतं का?’ असं वर विचारलंय. हुशारीने प्रवेश मिळेल, पण हात वेगळा बसवावा लागतो. आधी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, मग फँटम हेडवर, म्हणजे कृत्रिम डोक्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या दातांवर, काम.

अमाल्गमसाठी, म्हणजे चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाच्या फिलिंगसाठी, दातात कोरलेला खड्डा साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर खोल लागतो. उथळ राहिला तर फिलिंग तुटतं. फार खोल गेला तर खऱ्या दातात नस उघडी पडेल. एअरोटर, म्हणजे हवेवर फिरणारं दात कोरायचं यंत्र, मिनिटाला 3 लाखांच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे तो दाबायचा नसतो, हलकेच फिरवायचा. नवशिके तरी दाबतातच! दोन दातांमधल्या फटीकडे खड्डा नेताना शेजारच्या दाताला बर, म्हणजे एअरोटरचं कोरणारं टोक, लागणं ही तर हमखास चूक. मध्ये स्टीलची पातळ पट्टी सरकवून ठेवा. अनामिका जवळच्या दातावर टेकलेली हवी, नाहीतर बर घसरतो.

सगळ्यात वेळखाऊ म्हणजे वरच्या दाढा आरशात बघून कोरणं. हालचाल उलटी दिसते, हात भलतीकडे जातो. म्हणून मान वाकवून थेट बघायची सवय लागली, की पुढे पाठ धरते.