दहाव्या संघाचं फायनल्समध्ये काय काम?

यारातीर
“आठऐवजी दहा संघ घेतले की शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला, यात वाईट काय?” असं परवा कुणीतरी लिहून मोकळं झालं. वाईट काय ते ऐका. एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये, संघ अठरा, साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे फायनल्समध्ये, जाणार दहा. मग तेवीस सामन्यांची साखळी कशासाठी? २०२६पासून सातवा वि. दहावा, आठवा वि. नववा असं वाइल्डकार्ड, हरेल तो बाहेर, तेही फायनल्सआधीच्या सुट्टीच्या आठवड्यात. म्हणजे विश्रांती फक्त वरच्या सहांना. २०१६ला बुलडॉग्ज सातवे होते. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग हॉथॉर्न, मग जायंट्स, शेवटी सिडनी. चार सामने, आणि त्याआधी आठवडाभर आराम, ज्यात दुखापतवाले परत आले. आता त्याच जागेवरून सलग पाच आठवड्यांत पाच जिंका. दहाव्याला दार उघडायचं म्हणून सातव्याची शिक्षा!

टक्केवारी
साखळी समान असती तर तुमचं पटलं असतं. प्रतिस्पर्धी सतरा, सामने तेवीस, म्हणजे सहाजणांशी दोनदा. ते सहा कोण, यावर आठवा-नववा ठरतो. २०१७ला वेस्ट कोस्ट आठवे, मेलबर्न नववे. दोघांचे विजय बारा-बारा, टक्केवारी (केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर) १०५.७ आणि १०५.२. अख्ख्या मोसमात दोनेक गोलांचा फरक. २०१३ला एसेंडनला बाहेर काढल्यावर नववे कार्लटन आत आले आणि पाचव्या रिचमंडला २० गुणांनी घरी बसवलं. नववा कमअस्सल असतो हे कुणी सांगितलं? (रिचमंडवाल्यांनी शांत राहावे.)

यारातीर
मग वेळापत्रक सुधारा ना! आजार पायाला, पट्टी डोक्याला.

पश्चिमवारा
वाइल्डकार्डवर कसले भांडता? खरा अन्याय शेवटच्या शनिवारी, ग्रँड फायनलला होतो. २०१७ला ॲडलेड पहिले, रिचमंड तिसरे, सामना रिचमंडच्याच घरी, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर. २०१८ला वेस्ट कोस्ट दुसरे, कॉलिंगवूड तिसरे, सामना पुन्हा एमसीजीवर, म्हणजे कॉलिंगवूडच्या घरी. आम्ही वेस्ट कोस्टवाले ५ गुणांनी जिंकलो म्हणून कुणाला टोचलं नाही. आणि ग्रँड फायनल तिथेच ठेवायचा करार २०५९पर्यंत! सातव्याला एक सामना जास्त पडला तर एवढा गळा काढताय, इथे वरच्या क्रमांकाला घरचं मैदानच नाही.

यारातीर
विषयांतर. तरीही: एमसीजीवर एक लाख माणूस बसतं, पर्थला साठ हजार, ब्रिस्बेनच्या गाबाला त्याहून बरंच कमी. ब्रिस्बेननं २०२४ला एमसीजीवरच सिडनीला ६० गुणांनी धुतलं. कुठे गेला घरचा फायदा?

पश्चिमवारा
सिडनी आणि ब्रिस्बेन. दोघंही मेलबर्नबाहेरचे! उदाहरण तरी धड द्या. २०२५चं द्यायचं होतं, ब्रिस्बेननं जिलाँगला ४७ गुणांनी हरवलं ते. तेही पुरत नाही, कारण जिलाँगचं घर जिलाँगला आहे, एमसीजीला नाही. आणि १९९९ विसरलात? मेलबर्नचे कार्लटन गाबावर ७३ गुणांनी हरले तरी टिकले. वेस्ट कोस्टनं पहिली फायनल जिंकली, साखळीतही ते वर होते. तरी पुढच्या आठवड्यात दोघांचा सामना एमसीजीवर, कारण त्या आठवड्यात तिथे एक तरी फायनल व्हायलाच हवी होती. कार्लटन जिंकले आणि थेट ग्रँड फायनलपर्यंत गेले.

क्वालिफायरवन
पण ७३नं हरून टिकले ते फायनल्सच्या पद्धती आखणाऱ्या मॅकिंटायरच्या आठ-संघी पद्धतीमुळे. १ वि. ८, २ वि. ७, ३ वि. ६, ४ वि. ५; हरलेल्या चारांतले वरचे दोन जिवंत. १९९८ला पाचवं ॲडलेड ४८ गुणांनी हरून चषक घेऊन गेलं. २०००पासून ती पद्धत गेली ते बरंच झालं. बाकी मॅकिंटायरला शिव्या घालताना जपून: आयपीएलमध्ये २०११पासून क्वालिफायर-एलिमिनेटर चालतं, ते व्हीएफएलमध्ये (एएफएलचं जुनं नाव) १९३१लाच आलेलं त्याचंच अपत्य.

यारातीर
१९९९ मान्य. पश्चिमवारांना एक गुण. गोल (सहा गुण) नव्हे, बिहाइंड (एकच गुण).

टक्केवारी
मूळ मुद्द्यावर या हो. ती फायनल्सआधीची सुट्टी आली कशाला? २०१५ला फ्रीमँटल आणि नॉर्थ मेलबर्ननं शेवटच्या फेरीत मुख्य खेळाडू बसवले म्हणून. पण तिचा फटका बसला वरच्यांनाच: वरच्या चारांतली क्वालिफाइंग फायनल जिंकणाऱ्याला पुढचा आठवडाही मोकळा, म्हणजे शेवटच्या फेरीपासून प्रिलिमिनरीपर्यंत (ग्रँड फायनलआधीचा सामना) एकच सामना. २०१६ला जिलाँग आणि जायंट्स, दोघंही तिथेच गारद. वाइल्डकार्ड यावर काही करत नाही, हे मात्र मला कबूल करावं लागेल. फायदा पाचव्या-सहाव्याचा: स्वतः ताजे, समोरचा सामना खेळून आलेला. म्हणजे सहाव्या जागेला आता किंमत आली.

यारातीर
सहावीला आली, सातवीची गेली. २०२८ला टास्मानिया आलं की एकोणीस संघ, तरीही दहा म्हणजे निम्म्याहून जास्तच. घ्यायचेच असतील तर नववा-दहावा आपसात खेळू देत, जिंकेल तो आठव्याकडे. सातव्याला हात लावू नका.

टक्केवारी
एकाच सुट्टीच्या आठवड्यात दोन पायऱ्या? बुधवारी आणि रविवारी खेळवणार का?

पश्चिमवारा
खेळवतीलही. मैदान कुठलं ते विचारू नका फक्त.