रेम्ब्राँचे १६२८ च्या सुमाराचे आत्मचित्र

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या आत्मचित्रांत खरा भाव उतरतो तो त्याच्या १६५६ च्या दिवाळखोरीनंतरच, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. उतारवयातल्या चित्रांचे मोल वादातीत आहे. परंतु अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले १६२८ च्या सुमाराचे चित्र या मतात धरलेलेच नाही. तेव्हा तो बाविशीच्या आसपास होता आणि लायडन या आपल्या जन्मगावीच काम करत होता. जेमतेम २२.६ बाय १८.७ सेंमीची, शाळेच्या वहीएवढी ओक लाकडाची फळी. प्रकाश एका बाजूने येऊन गाल, कानाची पाळी आणि मान एवढेच उजळतो. डोळे मात्र, जे कोणताही चित्रकार आधी उजळून दाखवील, त्याने सावलीत बुडवले आहेत, त्यामुळे तो आपल्याकडेच रोखून पाहतो आहे हे ध्यानात यायला काही क्षण जातात.

विस्कटलेल्या केसांच्या बटा तर त्याने रंगवलेल्या नाहीत, कोरल्या आहेत: रंग ओला असतानाच कुंचला उलटा धरून दांड्याच्या टोकाने ओरखडे काढले आहेत. (छापील प्रतीत हे जवळपास दिसत नाही.) हा धीटपणा दिवाळखोरीच्या अठ्ठावीस वर्षे आधीचा आहे.