फिनलंडला जायचंय, कोणी गेलंय का? (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड)

बी-७०४: नमस्कार. ग्रुपवर कोणी फिनलंडच्या रोव्हानिएमीला गेलंय का? लेकाला सांताक्लॉजचं गाव बघायचंय. नाताळच्या सुट्टीत निघायचं म्हणतोय. इथे १८ डिग्रीला आमच्याकडे पंखा बंद होतो, तिथे म्हणे उणे २०!

ए-३०१: नुसता पंखा बंद? आमच्या सासूबाईंनी कानटोपी काढलीय 😄

डी-२०५: टँकर आला का? डी विंगला सकाळपासून पाणी नाही.

सी-११०२: वहिनी, आम्ही दोघं गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो, लेक हेलसिंकीला असते ना. थोडं लांबेल, पण एकदाच लिहितो. थंडीचं टेन्शन घेऊ नका, ती कपड्यांनी भागते. जड जातो तो अंधार. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य ११ नंतर डोकं काढतो आणि दीडच्या आत बुडतो. जेमतेम सव्वादोन तास! आधी आणि नंतर निळसर उजेड असतो, दिसतो फार सुंदर, पण दुपारी साडेतीनला मुलगा विचारेल, “आई, झोपायचं का?” त्यात नाताळात हॉटेलवाले मागतील ते द्यावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा आणि बर्फही भरपूर.

बी-७०४: काका, फेब्रुवारीत शाळा बुडेल. आणि तेव्हा सांता असतो का?

सी-११०२: बाराही महिने असतो. रोव्हानिएमी शहरापासून ८ किलोमीटरवर, बरोबर आर्क्टिक वर्तुळाच्या रेषेवर त्याचं ऑफिस. शहरातून बस जाते, टॅक्सी करू नका. भेट फुकट, पण आपल्या मोबाइलवर फोटो काढू देत नाहीत आणि त्यांनी काढलेल्या फोटोचे पैसे लागतात. पोस्टात मात्र नक्की जा. एक पेटी अशी आहे की त्यात टाकलेलं पत्र पुढच्या नाताळाला घरी येतं. नातवाला टाकलंय, आता वाट बघतोय.

ए-३०१: म्हणजे आपल्या सोसायटीच्या पत्रव्यवहारासारखंच.

सेक्रेटरी: टँकर ११ ला येतोय. विषयाला धरून बोला.

बी-१००३: काका, ते नॉर्दर्न लाइट्स, रात्री आकाशात रंगीत उजेड दिसतो ते, दिसले का?

सी-११०२: ५ रात्रींत एकदा. ढग असले की काही दिसत नाही, कोणी हमी देत असेल तर पैसे देऊ नका. आणि डोळ्यांना ते बरेचदा फिकट, राखाडी-हिरवं दिसतं. फोटोतला गडद हिरवा कॅमेऱ्याचा. सौ. तर आधी म्हणाल्या, ढगच आहे तो. मग तो ढग हलायला लागला, तेव्हा गप्प झाल्या. आम्ही टूर घेतली नव्हती, नदीकाठी दिव्यांपासून लांब जाऊन उभे होतो.

बी-७०४: कपडे काय घ्यावेत?

सी-११०२: आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. बूट एक नंबर मोठे घ्या, घट्ट बुटांत पाय जास्त गारठतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. दोन चांगल्या गोष्टी सांगतो. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं (डी विंग, माफ करा). आणि तिथली माणसं अंधारात चालताना कोटाला चमकणारी पट्टी लटकवतात, तसा नियमच आहे. मी ५ आणल्या. घोडबंदरला संध्याकाळी फिरताना लावतो, रिक्षावाले वळून बघतात.

ए-३०१: 😂 मलाही एक ठेवा.

बी-१००३: खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी.

सी-११०२: तिथे रेनडिअरचं मांस आणि बटाट्याचा लगदा, नाहीतर माशाचं सूप. शाकाहारी मिळतं, पण चौथ्या दिवशी मेतकूट-भाताची आठवण येते. मेतकूट, चटणी न्या. तुपाचा डबा आणि पेढे मात्र नकोत, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन घ्या, साधारण १२ तास. आपल्या कोकणकन्येसारखं रात्री झोपायचं, सकाळी पडदा सारला की सगळं पांढरं.

बी-७०४: व्हिसा?

सी-११०२: शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. शुल्क ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज जाण्याआधी ६ महिन्यांपर्यंत करता येतो, डिसेंबरचं नक्की असेल तर उशीर करू नका.

बी-७०४: मिस्टरांशी बोलते. फेब्रुवारीच बरा वाटतोय, शाळेला आजोबांच्या नावाने अर्ज देऊ.

सी-११०२: द्या. आणि वहिनी, आमचे बूट पडून आहेत, ९ नंबर. मिस्टरांना होत असतील तर संध्याकाळी पाठवतो, वॉचमनकडे ठेवतो.

डी-२०५: टँकर आला! गेट उघडा कोणीतरी.